बाळ सांभाळणारीचीही तयारी करून घेऊ या

२ मार्च १९३० रोजी आपल्या पंचवटीत बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्यात स्त्रियाही होत्या. त्यांची लेकरे तेव्हा कुणीतरी सांभाळलीच असतील. आजही मार्केट यार्डात किंवा धुण्याभांड्याला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणी बाळाला शेजारच्या आजीकडे, नाहीतर थोरल्या मुलीकडे सोपवून जातात. त्या दोघींच्या मायेबद्दल शंका नाही. पण ऐनवेळी काय करायचे, हे त्यांना कुणी शिकवलेले नसते.

म्हणून आईने घराबाहेर पडण्यापूर्वी एवढे दाखवून, समजावून द्यावे :

• गॅस : काम झाले की रेग्युलेटर बंद. वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये. दारे-खिडक्या उघडून बाळासह बाहेर यावे आणि मग १९०६ वर फोन करावा.

• पाणी : वीतभर पाण्याच्या बादलीतही रांगते मूल बुडू शकते. बादली रिकामी, पिंपावर घट्ट झाकण.

• विषारी वस्तू : फिनेल, रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नये. मुलाने प्यायले तर उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.

• भाजणे : वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नये.

• घास अडकणे : लहानग्यांना शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, द्राक्षे उभी चिरून द्यावीत. वर्षाच्या आतील बाळाचा घास अडकून आवाज बंद झाला तर त्याला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, खांद्यांच्या मधोमध पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.

बाळाला न्यायला कोण येऊ शकते, हेही ठरवून ठेवावे. दुसरा कुणी आला, ओळखीचा असला तरी, आईला विचारल्याशिवाय बाळ देऊ नये. मुलाबाबत काही संशयास्पद वाटल्यास १०९८ हा क्रमांक आहे.

आता थोरल्या मुलीविषयी. ती स्वतःच लेकरू आहे. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. धाकट्याला सांभाळायला तिची शाळा बुडवणे म्हणजे एका मुलाच्या सुरक्षेसाठी दुसऱ्याचे भविष्य गहाण ठेवणे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाचा भार एकट्या आईवर टाकायचा नाही, हा त्यामागचा विचार. मग बाळ सांभाळण्याचा भार एकट्या मुलीवर कसा टाकायचा?

युवक-युवतींनो, एका रविवारी वंदनेनंतर विहारात जवळच्या दवाखान्यातील परिचारिकेला बोलवा. घास काढण्याचा सराव बाहुलीवर करून घ्या. नुसते वाचून हात बसत नाही. आज्यांना बोलवा, बापांनाही बोलवा. आईचा नंबर, १०८ आणि १०९८ मोठ्या अक्षरांत लिहून घरोघरी भिंतीवर लावा. आणि शाळेच्या वेळेत बाळे कोण सांभाळणार, याच्या पाळ्या वस्तीतील मोठ्या माणसांत लावून घ्या.

जयभीम!