शेवटच्या दोन टक्क्यांचे शब्द

परक्या भाषेतले वर्तमानपत्र वाचता येऊ लागले, सिनेमा बराचसा कळू लागला, की पुष्कळांची शब्दसंपत्ती जागच्या जागी थबकते. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 मध्ये भाषाज्ञानाच्या ए-1 ते सी-2 अशा सहा पायऱ्या आखून दिल्या. पुण्या-मुंबईत जर्मन किंवा फ्रेंच शिकणाऱ्यांना त्या तोंडपाठ असतात. खालच्या पायऱ्यांवर दर आठवड्याला काहीतरी नवे कळल्याचे समाधान मिळते. बी-2 ओलांडल्यावर मात्र महिनोन् महिने वाचूनही आपण होतो तिथेच आहोत असे वाटते आणि मग खापर वयावर, नोकरीवर, नाहीतर उपजत देणगी नसल्यावर फोडले जाते. माझ्या मते यातला मोठा वाटा भाषेतल्या शब्दांच्या वाटपाचा आहे. ते वाटप नीट पाहिले, तर ‘भरपूर वाचा, शब्द आपोआप येतील’ हा सर्वांचा आवडता सल्ला नेमका याच टप्प्यावर तोकडा का पडतो, ते उलगडते.

कोणत्याही भाषेत थोडे शब्द सतत येतात आणि बाकीचे असंख्य शब्द क्वचित. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ याने 1930च्या दशकात या विषमतेचा ढोबळ नियम मांडला: वापराच्या क्रमवारीत दहाव्या क्रमांकावरचा शब्द पहिल्याच्या साधारण एक दशांश वेळा येतो, हजाराव्या क्रमांकावरचा एक हजारांश वेळा. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनचे पॉल नेशन यांनी 2006 मध्ये इंग्रजी मजकुराचा सविस्तर हिशेब केला. एका मूळ शब्दापासून झालेली सगळी रूपे मिळून एक ‘शब्दकुल’, असे त्यांचे मोजमाप. सर्वाधिक वापराची पहिली हजार कुले लिखित मजकुराचा सुमारे 80 टक्के भाग व्यापतात, दुसरी हजार आणखी 8 ते 9 टक्के. सहाव्यापासून नवव्या हजारापर्यंतची चार हजार कुले मिळून जेमतेम 2 टक्के. म्हणजे पहिल्या हजाराच्या चौपट शब्द शिकायचे आणि पदरात पडायचा तो चाळिसावा हिस्सा. विद्यार्थी पुढे सरकत असतो, पण पान वाचताना त्याला ते जाणवत नाही.

मग या दोन टक्क्यांसाठी जीव का काढायचा, असा प्रश्न कोणीही विचारील. न्यायालयाची बातमी घ्या. तिच्यात ‘आणि’, ‘आहे’, ‘म्हणाले’ हे शब्द शेकड्याने असतात. ‘जामीन’, ‘फेरतपासणी’, ‘तहकूब’ एकेकदाच येतात, पण बातमी त्यांच्यातच असते. नेशन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने 2000 मध्ये एका गोष्टीतले काही शब्द बदलून त्या जागी निरर्थक शब्द घातले आणि ती परभाषक विद्यार्थ्यांना वाचायला दिली. ज्यांच्या प्रतीत 80 टक्केच शब्द ओळखीचे उरले होते, त्यांच्यापैकी एकालाही ती पुरेशी कळली नाही. कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे तर सुमारे 98 टक्के शब्द ठाऊक हवेत, असा निष्कर्ष निघाला. तीनशे शब्दांच्या पानावर सहा अनोळखी शब्द, एवढीच मुभा. कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचताना ही पातळी गाठायला इंग्रजीत आठ ते नऊ हजार कुले लागतात. इतर भाषांत आकडे बदलतील, उतरणीचा आकार फारसा नाही.

आता वाचनाकडे वळू. वाचनातून शब्द येतात याबद्दल शंका नाही. याचा एक गमतीदार पुरावा 1978 मधला आहे. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीत रशियनवरून घडवलेली एक टोळीभाषा आहे. संशोधकांनी ती कादंबरी इंग्रजी भाषकांना वाचायला दिली आणि नंतर अचानक बहुपर्यायी चाचणी घेतली. वाचकांना या शब्दांपैकी सरासरी तीन चतुर्थांश शब्दांचे अर्थ ओळखता आले. वाचनवाद्यांच्या हाती हे हत्यार चांगले आहे. पण ते शब्द एका लहान पुस्तकात पुन्हा पुन्हा येत होते, आणि भोवतालचे इंग्रजी वाचकांच्या मातृभाषेतले होते. भाषेतल्या खऱ्या दुर्मीळ शब्दांना आणि परक्या वाचकाला या दोन्ही सोयी मिळत नाहीत. मॉन्ट्रियलचे टॉम कॉब यांनी 2007 मध्ये संगणकाच्या मदतीने हाच मुद्दा लावून धरला: विद्यार्थी प्रत्यक्षात जेवढे वाचतो, तेवढ्यात कमी वापराचे शब्द पुरेशा वेळा भेटतच नाहीत. जेफ मॅक्विलन आणि स्टीफन क्रॅशन यांचे उत्तर असे की, कॉब यांनी वाचन फारच कमी धरले. गोडी लागली तर माणूस याच्या कितीतरी पट वाचतो.

2014 मध्ये नेशन यांनी या वादात आकडे घातले. नवव्या हजारातली कुले किमान बारा-बारा वेळा भेटायची, तर सुमारे 30 लाख शब्दांचा मजकूर वाचायला हवा. वर्षभर रोज नेमाने वाचले तर हे अशक्य नाही, असे त्यांचे म्हणणे. मला हा हिशेब बरोबर वाटतो, त्यावरून निघणारा दिलासा मात्र नाही. लाख शब्दांची एक कादंबरी धरली, तर या तीस कादंबऱ्या झाल्या आणि एकेका शब्दाच्या दोन भेटींमध्ये सरासरी अडीच कादंबऱ्यांचे अंतर पडले. विस्मरण तेवढे थांबत नाही. हेर्मान एबिंगहाउस याने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते की पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांपैकी पुष्कळशी पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतात. दुसऱ्या भेटीपर्यंत पहिली भेट पुसली गेली असेल, तर बारा भेटी कागदावर बारा असतात. डोक्यात त्या पुन्हा पुन्हा पहिल्याच ठरतात.

म्हणून भेटींमधले अंतर आपल्या हातात घ्यावे लागते. जेफ्री कारपिके आणि हेन्री रोडिगर यांनी 2008 मध्ये विद्यार्थ्यांना 40 स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एकदा आठवलेला शब्दही ज्यांना पुन्हा पुन्हा आठवायला लावला, त्यांच्या लक्षात आठवड्याने सुमारे 80 टक्के शब्द राहिले. ज्यांनी तेच शब्द नुसते पुन्हा वाचले, त्यांच्या लक्षात साधारण एक तृतीयांश. वाचून ओळखीचे वाटणे आणि कोऱ्या मनातून ओढून काढणे यांत इतका फरक पडतो. हॅरी बाहरिक, त्यांची पत्नी आणि दोन मुली या चौघांनी स्वतःवरच वर्षानुवर्षे चालवलेला प्रयोग 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या भाषेतल्या 300 शब्दांची उजळणी त्यांनी वेगवेगळ्या अंतरांनी केली. 56 दिवसांच्या अंतराने केलेल्या 13 उजळण्यांनी 14 दिवसांच्या अंतराने केलेल्या 26 उजळण्यांइतके काम केले. आजची फ्लॅशकार्डची ॲप्स याच तत्त्वावर चालतात आणि त्यांच्याआधी, 1972 मध्ये, जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी कप्प्यांचा साधा खोका सुचवला होता. खोक्याचे काम आजही भागते.

याला दोन आक्षेप येतात. लहान मूल कुठे कार्डे पालटते? खरे आहे, पण मुलाभोवती ती भाषा जागेपणी सतत असते आणि पुढे शाळेची बारा वर्षे तिच्यातच जातात. नोकरी सांभाळून संध्याकाळचा तासभर काढणाऱ्या प्रौढाने मुलाची पद्धत उचलली, तरी मुलाचे तास त्याला मिळत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कार्डावर शिकलेला शब्द एकलकोंडा राहतो. मराठीत कर्ज काढतात, सहल काढतात, फोटोही काढतात; शपथ मात्र घेतात. या सोबती कार्डाच्या मागच्या बाजूच्या एका अर्थात मावत नाहीत. म्हणून कार्डावर सुटा शब्द नको, तो जिथे भेटला ते वाक्य हवे. आणि वाक्य आपल्याच वाचनातले. इथे वाचनाचे महत्त्व परत येते, आणि क्रॅशन यांचाच एक जुना सल्ला कामी येतो: काही काळ एकाच विषयाचे किंवा एकाच लेखकाचे वाचा. भाषेत दुर्मीळ असलेला शब्द त्या विषयात बऱ्याचदा नेहमीचा असतो, त्यामुळे भेटी आपोआप जवळ येतात.

तरीही कार्डांकडून एक गोष्ट अपेक्षू नये. इस्रायलच्या बाटिया लाउफर यांनी 1998 मध्ये शाळकरी विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या प्रगतीचा अभ्यास केला, तेव्हा वाचताना कळणारे शब्द चांगलेच वाढलेले दिसले, मात्र मोकळेपणाने निबंध लिहिताना मुले जुन्याच शब्दांवर भागवत होती. सोपा शब्द हाताशी असताना कोणी अवघड शब्दाच्या वाटेला जात नाही. त्यासाठी लिहायला बसण्याआधीच पाच-सहा शब्द ठरवून घ्यावेत, ते मजकुरात आणावेत आणि त्यांचा वापर जाणकाराकडून तपासून घ्यावा.