पोटगीचा अर्ज सुगीसाठी थांबवू नका

नामपूरच्या मायबहिणींनो, लेकराची पोटगी मागायला नवऱ्याच्या गावच्या कोर्टातच जावं लागतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. माहेरी राहत असाल तर अर्ज सटाण्याला, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. जुन्या कलम १२५ च्या जागी १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले. हक्क तोच आहे. ५०० रुपयांची मर्यादा तर २००१ सालीच गेली.

नागपूरहून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. म्हणजे अर्ज लांबला तेवढे महिने बुडाले! पोटगी थकली, तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्या. टाळाटाळ करणाऱ्याला थकीत महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.