इंजिन सुरू, आणि पंखाशेजारी माणसं



'हवेला दाब असतो' हा भाग शिकवताना आपण स्ट्रॉ, फुगा, पाण्याचा पेला अशी उदाहरणं देतो. त्यांना जोडून वरच्या वर्गांतल्या मुलांना सांगता येईल असं एक उदाहरण आज घेऊ या.

कॅनडा, अमेरिका, उत्तर युरोप इथे हिवाळ्यात उभ्या विमानाच्या पंखांवर बर्फ धरतो. हा थर पॉलिश पेपरइतका पातळ आणि खरखरीत असला तरी पंखाला मिळणारी उचल 30 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. म्हणून उड्डाणाआधी ग्लायकॉल आणि पाण्याचं गरम मिश्रण फवारतात. याला डी-आयसिंग म्हणतात. आपल्याकडे रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला उंच पाळण्याची गाडी येते ना, तशाच गाड्या विमानाच्या दोन्ही बाजूंना लागतात.

मग निदान तेवढा वेळ इंजिन बंद का ठेवत नाहीत? बऱ्याचदा ठेवतातही. पण वरून बर्फ पडतच असतो आणि फवारलेल्या द्रवाचा परिणाम थोडा वेळच टिकतो. म्हणून अनेक विमानतळांवर हे काम धावपट्टीजवळ, इंजिन मंद गतीवर सुरू ठेवून करतात. काम झालं की विमान लगेच निघू शकतं.

इथे हवेचा दाब येतो. मुलं म्हणतात, "इंजिन माणसाला ओढून घेतं." खरं तर इंजिनचा पंखा हवा मागे ढकलतो, त्याच्या पुढ्यात दाब कमी होतो आणि बाहेरची जास्त दाबाची हवा तिकडे धावते. स्ट्रॉमध्ये सरबत चढतं तेच तत्त्व, बरं का! ही हवा फक्त समोरून नाही, बाजूंनीही येते. म्हणून बाजूला उभं राहणंही सुरक्षित नसतं. बोइंग 737 सारख्या विमानाचं इंजिन मंद गतीवर असतानाही साधारण 3 मीटरच्या आत जायचं नसतं. गती वाढली की हे अंतरही वाढतं. मागच्या बाजूला तर गरम झोताचा धोका कितीतरी लांबपर्यंत असतो.

कानाला आवाजापासून संरक्षण लावलेलं, अंगावर जाड कपडे, पायाखाली ग्लायकॉलने निसरडी झालेली जमीन. नुसत्या आवाजावरून कोणतं इंजिन फिरतंय हे ओळखणं कठीण. म्हणून अनेक इंजिनांच्या मधोमध पांढरी नागमोडी खूण रंगवलेली असते. ती फिरताना दिसली की समजायचं, इंजिन चालू आहे. विमानाचा फोटो दाखवून मुलांना ही खूण शोधायला सांगा, त्यांना फार आवडतं.

पण इंजिन सुरू असण्याचा आणखी एक अर्थ आहे, तो सहज सुटतो. इंजिन सुरू असलेलं विमान कधीही चालू लागू शकतं.

21 जानेवारी 1995 ला कॅनडात माँट्रियलजवळच्या मिराबेल विमानतळावर तेच झालं. रॉयल एअर मारोकच्या बोइंग 747 चं डी-आयसिंग चालू होतं, इंजिनंही सुरू होती. रेडिओवरच्या बोलण्यात गोंधळ झाला. काम संपलं असं वैमानिकांना वाटलं आणि विमान पुढे निघालं. गाड्या अजून तिथेच होत्या. विमानाचे शेपटीकडचे आडवे पंख दोन गाड्यांच्या लांब दांड्यांवर आदळले आणि पाळण्यांमधले तीन कर्मचारी ठार झाले. चौकशीत कर्मचाऱ्यांचं अपुरं प्रशिक्षण, अयोग्य संपर्कसाधनं आणि न पाळलेल्या कार्यपद्धती अशी अनेक कारणं पुढे आली. एकाच माणसाकडे बोट दाखवून हा विषय संपत नाही.

म्हणून फवारणीआधी ब्रेक लावल्याची खात्री वैमानिकाकडून घेतात. काम संपल्यावर माणसं आणि गाड्या दूर गेल्याचा स्पष्ट निरोप मिळेपर्यंत विमान हलवायचं नसतं. टोरांटोसारख्या ठिकाणी वैमानिकाला समोरच दिसतील असे इलेक्ट्रॉनिक फलकही आहेत.

मुंबईत बर्फ पडत नाही, पण इंजिन तेच असतं. डिसेंबर 2015 मध्ये मुंबई विमानतळावर एक तंत्रज्ञ सुरू झालेल्या इंजिनात ओढला जाऊन दगावला.

वर्गात याचा खेळ घेता येतो. एक मूल वैमानिक, दोघं गाडीवाले, एक प्रमुख. वैमानिकाने पाठ फिरवून उभं राहायचं. दोन्ही गाडीवाले आखलेल्या रेषेबाहेर गेल्याचं प्रमुखाने स्वतः पाहायचं, मगच मोठ्याने सांगायचं. वैमानिकाने ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवायचं आणि मग पाऊल टाकायचं. एखाद्या फेरीत मुद्दाम प्रमुखाला गप्प बसवा आणि वैमानिक काय करतो ते बघा.