वॉर्डातला सासुरवास

रावेर, सावदा, फैजपूर या आमच्या केळीच्या पट्ट्यात मुलगी बारावी झाली की पूर्वी घरोघर डी.एड.चे नाव निघायचे. आता जीएनएमचे निघते. तीन वर्षांचा जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम, मग कुठे तरी नोकरी, आणि नशीब असेल तर सरकारी भरती. घरात चर्चा होते ती फीची, होस्टेलची, रात्रपाळीची आणि अर्थातच पुढे स्थळ कसे मिळेल याची. एका गोष्टीची चर्चा मात्र मी कुठल्याच घरात ऐकलेली नाही. वॉर्डात आधीपासून असलेल्या सिस्टर या पोरीला कसे वागवतील? लग्न जमवताना सासूचा स्वभाव चार ठिकाणी विचारून घेणारे आईबाप इथे एकदाही चौकशी करत नाहीत. खरे तर पहिल्या वर्षी या मुलीला सासर म्हणून जे भोगावे लागते, ते बहुधा वॉर्डातच भोगावे लागते.

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत ज्युडिथ माइसनर या परिचारिका-शिक्षिकेने १९८६ साली एका व्यावसायिक मासिकात लेख लिहिला आणि मथळ्यातच विचारले, ‘आपण परिचारिका आपल्याच पिलांना खातो का?’ त्या प्रश्नाने तिकडे बरीच खळबळ उडाली आणि आजही तो प्रश्न तिथे मिटलेला नाही. ‘पिलांना’ हा शब्द वाचून केळीच्या बागायतदाराला वेगळेच काही आठवेल. आमच्याकडे केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात. ती वेळच्या वेळी कापावी लागतात, नाही तर आईचे अन्न खातात आणि घड बारीक पडतो. पण पुढे एक चांगले पिल मुद्दाम राखतात, कारण पुढची पिलबाग त्याच्यावरच उभी राहायची असते. कोणते कापायचे आणि कोणते केव्हा राखायचे, हे कळणारा माणूस सोबत नसेल तर बाग जाते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त परिसेविका राहतात. गाव त्यांना सिस्टरबाई म्हणते. १९७०च्या दशकात त्या नोकरीला लागल्या, तेव्हा काचेच्या सिरिंज उकळायच्या असत आणि सुयांना दगडावर घासून धार लावावी लागे. थर्मामीटर फुटला तर मोडतोडीचे पैसे विद्यावेतनातून कापले जात. शिकत असतानाच त्यांच्या हातून एक थर्मामीटर पडला आणि पाऱ्याचे मणी फरशीवर पळत सुटले. बाईंना रडू कोसळले. इन्चार्ज सिस्टर लांबूनच म्हणाल्या, ‘आधी पारा गोळा कर, मग रड.’

हा प्रसंग त्या आजही हसत सांगतात. मी विचारले, तुम्ही इन्चार्ज झाल्यावर काय करायचात? त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘तेच. तेच वाक्य. तीस वर्षं.’

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ही म्हण आपण नेहमी सुनेला धीर द्यायला वापरतो. पण सुनेचे चार दिवस येतात ते ती सासू झाल्यावरच, आणि तोवर घरात नवी सून आलेली असते. ‘आम्ही भोगलं, आमचं काय बिघडलं?’ हे वाक्य ज्या घरात आहे त्याच घराच्या भाषेत वॉर्डातही ऐकू येते. ज्या मुली त्या भोगण्यामुळे नर्सिंग सोडून घरी बसल्या, त्यांचे काय बिघडले हे सांगायला त्या वॉर्डात असतातच कुठे?

आता हा जाच असतो तरी कसा? शेजारची एक मुलगी जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात कंत्राटावर लागली. पहिल्या सहा महिन्यांत ती घरी आली की जेवायची नाही. तिची आई मला म्हणाली, ‘भाऊ, पोर बोलत नाही वं काही.’ तिला कोणी मारले नव्हते, शिवी दिली नव्हती. पाळी बदलताना एका सिस्टरने दुसरीला चार्ज द्यायचा असतो. कोणत्या खाटेवर कोण, कोणाचे सलाइन किती उरले, कोणाच्या तापाचा चढउतार कसा, हे सगळे सांगायचे असते. तिला अर्धेच सांगितले जायचे. राहिलेले अर्धे तिला राउंडला डॉक्टरांसमोर कळायचे, आणि तेव्हा जुन्या सिस्टर म्हणायच्या, ‘आजकालच्या मुलींना काही येत नाही.’ एका आजीची शीर सापडत नव्हती. तिने दोनदा सुई टोचली. तिसऱ्यांदा मदत मागायला गेली, तर उत्तर आले, ‘कॉलेजात काय शिकवलं?’ दिवाळीची नाइट तिला, संक्रांतीची नाइट तिला. चहाला सगळ्या एकत्र बसत आणि हिला म्हणत, ‘तू जरा काउंटरला थांब.’

यात तक्रार लिहून द्यावी असे एकही कलम नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे, पण तो शिक्षणसंस्थांपुरता. नोकरीतल्या चहाच्या कपाला कायदा कसा लागणार?

विशेष म्हणजे त्या दिवसांत तिला सांभाळून घेतले ते वॉर्डातल्या मावशींनी. हुद्द्याने सर्वांत खाली असलेल्या, बेडपॅन आणि चादरी उचलणाऱ्या मावशींनी. कोणत्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, कोणते डॉक्टर कशावरून भडकतात, हे तिला त्यांनी सांगितले. रुग्णालयाचे निम्मे शहाणपण असे न लिहिलेलेच असते.

जुन्या सिस्टरांची बाजूही मांडायला हवी. माझी अठ्ठावीस वर्षे बँकेत गेली. आमच्या शाखेतले हेड कॅशियर नोटांच्या बंडलावरून नुसता अंगठा फिरवून खोटी नोट बाजूला काढत. कशी ओळखली असे विचारले की म्हणत, ‘दिसते ना!’ आम्हाला दिसत नसे. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी विदुषीने १९८४ साली परिचारिकांवर एक पुस्तक लिहिले. नवशिकी परिचारिका पाच पायऱ्या चढत तरबेज कशी होते, हे तिने त्यात मांडले. नवशिकी नियमावर चालते, तरबेज परिचारिकेला नियम आठवावे लागत नाहीत, असा त्याचा थोडक्यात आशय. सिस्टरबाई दारातून खाटेकडे बघून म्हणत, ‘हा पेशंट मला बरा दिसत नाही, डॉक्टरांना बोलव.’ बीपी ठीक, नाडी ठीक, आणि तासाभरात माणूस खरोखर घसरे. त्यांना काय दिसले होते? त्यांनाही सांगता येत नाही. जे आपण केव्हा शिकलो हेच आठवत नाही, ते दुसऱ्याला शिकवणे फार जड जाते. मग त्या जडपणाचा राग समोरच्या पोरीवर निघतो.

त्यात वेळ कुठे आहे? भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष आहे, की वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. ज्यांनी आपल्या माणसासाठी सरकारी वॉर्डात रात्र काढली आहे, त्यांनी हा आकडा वाचून स्वतःच हसून घ्यावे. चाळीस खाटांवर रात्री एक सिस्टर आणि जोडीला एक नवी मुलगी असेल, तर ती नवी मुलगी मदतनीस नसते, तो एकेचाळिसावा पेशंट असतो. सिस्टरबाईंचेच हे वाक्य.

तरीही बँक आणि वॉर्ड यांत एक मोठा फरक आहे, आणि तिथे माझी सहानुभूती संपते. बँकेत दहा रुपयांचा फरक आला तर आम्ही शटर ओढून रात्री नऊपर्यंत व्हाउचर चाळत बसायचो, आणि फरक सापडायचा. वॉर्डातला फरक असा सापडत नाही. इन्शुलिनचे उदाहरण घ्या, कारण ते आता घराघरांत असते. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. लाल टोपणाची चाळीसवाल्या बाटलीसाठी, नारिंगी टोपणाची शंभरवाल्या बाटलीसाठी. शंभरवाली बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली, तर पेशंटला अडीचपट डोस जातो. पोटॅशियम क्लोराइडची छोटी बाटली तर सलाइनमध्ये पातळ करून सावकाशच द्यायची असते. ती सरळ शिरेत गेली तर हृदय थांबते. पुस्तकात हे सगळे असते. पण पहाटे तीन वाजता, दोन बाटल्या हातात घेऊन उभी असलेली मुलगी पुस्तक उघडत नाही. ती विचारायला जाते. आदल्या तीन वेळा विचारल्यावर ‘कॉलेजात काय शिकवलं?’ ऐकले असेल, तर चौथ्यांदा ती जात नाही. त्या खाटेवर तुमचे किंवा माझे माणूस असते.

म्हणून रागावणे आणि छळणे यांतला भेद मला महत्त्वाचा वाटतो. चुकीवर रागवा, जोरात रागवा. सिस्टरबाईंचे पाऱ्याचे वाक्य मला कठोर वाटते, पण क्रूर वाटत नाही. पारा खरोखरच आधी गोळा करायचा असतो. अर्धा चार्ज देणे ही मात्र शिस्त नव्हे. ते पेशंटला वेठीस धरणे आहे.

हा जाच कुठवर जाऊ शकतो, हे खानदेशाला कोणी सांगायला नको. जळगावची डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार कुटुंबाने केली, गुन्हा दाखल झाला आणि तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना अटक झाली. न्यायालयाचे काम न्यायालय करील. पायल परिचारिका नव्हती, डॉक्टर होती, पण वॉर्ड तोच आणि ‘सीनियर’ हा शब्दही तोच. सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या रावेर-यावल तालुक्यांत तडवी समाजाची गावेच्या गावे आहेत. तिथल्या किती घरांत त्या बातमीनंतर मुलीचा फॉर्म भरताना हात थबकला असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

कंत्राटी पद्धतीने हा तिढा आणखी वाढवला. एकाच वॉर्डात एकच काम करणाऱ्या दोघींत एकीला कायम नोकरी आणि दुसरीला अकरा महिन्यांचा कागद. जुनी बाई नव्या मुलीला कशासाठी घडवील, जर ती पुढच्या वर्षी दिसणारच नसेल? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. चौकशीनंतर कारवाई झाली, त्यात वरच्यांचे निलंबन झाले आणि कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली. दोष कोणाचा किती, यात मी शिरत नाही. पण निलंबित माणूस परत येऊ शकतो आणि सेवा संपलेला येत नाही, एवढे हिशेबाच्या माणसाला कळते.

या सगळ्यात एक उलटे उदाहरण याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी त्यांनी शेवटचा श्वास घेतला. बेचाळीस वर्षे त्यांचे सगळे केले ते केईएमच्या परिचारिकांनी. दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला, त्यात या शुश्रूषेचे मनापासून कौतुक आहे. इतकी वर्षे पडून असलेल्या देहावर शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरात आजारी माणूस सांभाळला आहे त्यांना समजेल.

पण मला त्यातली दुसरीच एक नोंद मोलाची वाटते. अरुणाच्या बरोबरीच्या सिस्टर एकेक करून निवृत्त झाल्या, तरी काम थांबले नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनींची नवी तुकडी आली की तिला चार नंबरच्या वॉर्डाशेजारच्या त्या खोलीत नेत आणि सांगत, की ही आपल्यातलीच एक, चांगली स्टाफ नर्स होती. ज्या मुलींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांच्या हाती जुन्यांनी त्या बाईचा चार्ज दिला. पुरा चार्ज, अर्धा नव्हे. ज्या व्यवसायावर आपलीच पिले खाण्याचा आरोप होतो, त्याच व्यवसायाने चार दशके एक माणूस हातोहात पुढे दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला कादंबऱ्या लिहूनही नीट उलगडलेले नाही.

शेजारच्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. ती टिकली. सहा महिन्यांनी वॉर्ड बदलला आणि तिथल्या इन्चार्ज वेगळ्या निघाल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला खिशात मावणारी एक वही दिली आणि म्हणाल्या, रोज जे येत नाही ते यात लिही, ड्यूटी संपताना मी पाच मिनिटं देईन. पाचाची कधी दोन होत, पण मिळत. त्या वहीतली शीर शोधण्याची युक्ती मुलीने सिस्टरबाईंना वाचून दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हे मला कोणी सांगितलं नव्हतं वं माय!’

मागच्या महिन्यात ती घरी आली होती. आता तिच्या हाताखाली नवी मुलगी आहे. त्या मुलीने पहिल्याच आठवड्यात एका पेशंटचा चार्ट दुसऱ्याच्या खाटेला लावला. मी विचारले, ‘मग तू काय केलंस?’

‘काय करणार, काका? आधी ओरडले,’ ती म्हणाली. ‘जरा जास्तच ओरडले. मग तिला चहाला बोलावलं.’

‘आली का?’

‘पहिल्या दिवशी नाही आली.’