काच दारात का घसरते?

जळगाव-धुळे रस्त्यावर ऐन उन्हाळ्यात मोटारीची काच दारात घसरली, तर आपण बटण दाबून कानोसा घेऊ. मोटर फिरल्याचा आवाज येतो? मग बहुधा काच धरणारी प्लॅस्टिकची पकड किंवा तिला ओढणारी तार तुटली आहे. उन्हात वर्षानुवर्षे तापून प्लॅस्टिक ठिसूळ होते.

मोटरीचे मळसूत्र दातेरी चाक फिरवते. पण घर्षणामुळे चाक मळसूत्राला उलटे फिरवू शकत नाही. म्हणून धड काच हाताने दाबूनही खाली जात नाही. घसरली, म्हणजे मधला दुवाच तुटला.

दुरुस्तीआधी बॅटरीची तार सोडवू, मगच दाराचे आतले आवरण काढू. काच वर उचलून चिकटपट्टीने चौकटीला पक्की केली की तुटका भाग बदलता येतो.

वर्गात मोटारीचा स्क्रू-जॅक दाखवावा. एवढ्या भाराखालीही त्याचे मळसूत्र उलटे का फिरत नाही, हे मुलांनाच विचारू या.