मीठ नाही, मग टिकणार कसं?

धर्मापुरीतल्या एका ताईंनी विचारलंय, “सासऱ्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. तुम्ही म्हणता तसं वर्षाचं येसर बिनमिठाचं केलं, तर पावसाळ्यात खराब होणार नाही का?” आमटीसाठी धान्य, डाळी भाजून दळलेल्या या मसाल्याबद्दल बहुतेक घरांत हीच धास्ती असते, म्हणून आजचा सगळा लेख त्यावरच.

धास्तीचं मूळ लोणच्यात आहे. कैरीत पाणी असतं. मीठ ते पाणी ओढून धरतं, मग बुरशीला वाढायला ओल उरत नाही. येसराच्या कोरड्या भाजणीत ओढण्यासारखं पाणीच नसतं, त्यामुळे तिथं मीठ हवेतली ओल ओढत बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की शुद्ध मीठसुद्धा पाझरायला लागतं. खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते त्याही आधी ओलं होतं. श्रावणातली मिठाची बरणी आठवा. तेच मीठ येसरात कालवलं, तर येसर सादळणार आणि गुठळ्या धरणार.

येसर टिकतं ते भाजण्यावर आणि निवण्यावर. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे सगळं वेगवेगळं आणि मंद आचेवर भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा. डाळ दाताखाली कडकन फुटली पाहिजे. चिवट लागली तर आत ओल आहे, पुन्हा कढईत टाका. धने बोटांत चुरडले जाईपर्यंत भाजा.

खरी गफलत होते ती गिरणीनंतर. दळून आलेलं पीठ हाताला चांगलं गरम लागतं. ते तसंच बरणीत भरून झाकण लावलं, की वाफ झाकणाला थेंब होऊन जमते आणि तिथूनच बुरशी धरते. पीठ परातीत पसरा, वर पातळ फडकं टाका, पूर्ण निवू द्या, मगच भरा. बरणीत चमचा घालायचा तो कोरडाच.

खोबरं आणि तीळ मात्र वर्षाच्या येसरात घालू नका. त्यांचं तेल हवेनं खवट होतं आणि मीठ ते थांबवू शकत नाही. ते आमटी करताना ताजं कुटून घाला.

मसाल्यात मीठ नको याचं मला सगळ्यात पटणारं कारण हिशेबाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहूनही कमी. मसाल्यात मीठ असलं, आमटीत वेगळं पडलं आणि वर पापड आला, तर हा हिशेब लागणार कसा? विकतच्या पुडीवरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. तिथं मीठ कितव्या नंबरावर आहे ते बघा.

ताई, आमटी अळणी लागेल ही भीती असेल, तर चिंचेचा कोळ थोडा वाढवा आणि लसूण ठेचून चांगला लाल होऊ द्या. सैंधवानं काही साधणार नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात सहसा पोटॅशियम असतं. सासऱ्यांना मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.