मोटारगाडीचा खर्ज

१९५५ साली शेव्हरोले कंपनीने अमेरिकेत २६५ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.३ लिटर क्षमतेचे, आठ सिलिंडरांचे एक नवे एंजिन बाजारात आणले. त्यात चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी परस्परांशी काटकोन करून बसविलेल्या होत्या. जुन्या गाड्या जतन करणारे शौकीन हे एंजिन असलेल्या गाड्या आजही जिवापाड सांभाळतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांची अशी इच्छा असते की, गाडीचा आवाज भरदार, खर्जातला असावा. त्यासाठी सायलेन्सर काढून टाकण्याचा मोह प्रथम होतो. परंतु आवाज मोठा होणे आणि आवाज खोल होणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कोणालाही साधते. दुसरी साधावयाची तर हा ध्वनी मुळात येतो कोठून, हे पाहावे लागते.

एंजिनातील निष्कास झडप उघडली म्हणजे दाबाखाली कोंडलेला तप्त वायू एकदम नळीत घुसतो व दाबाचा एक ठोका निर्माण होतो. चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा असा ठोका देतो. मिनिटाला १,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला २० फेरे होत असतील, तर चार सिलिंडरांचे एंजिन सेकंदाला ४० ठोके देईल आणि आठ सिलिंडरांचे ८० देईल. या हिशेबाने आठ सिलिंडरांच्या गाडीचा स्वर एका सप्तकाने वर लागावयास हवा! मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावणारी पद्मिनी चार सिलिंडरांची होती. तिच्या तुलनेत शेव्हरोलेचा आवाज मात्र खोलच वाटतो. हे कसे?

याचे उत्तर ठोक्यांच्या संख्येत नसून त्यांच्या लयीत आहे. या एंजिनात सिलिंडर १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने पेटतात. विषम क्रमांकांचे सिलिंडर एका ओळीत व सम क्रमांकांचे दुसऱ्या ओळीत असतात. विषम ओळीपुरते पाहिले, तर लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतरे अनुक्रमे २७०, १८०, ९० व १८० अंश अशी विषम पडतात. सगळे एंजिन मिळून ठोके समान अंतराने देत असले, तरी एकेका ओळीची नळी मात्र लंगडत चालते. हा लंगडा ठेका दोन फेऱ्यांनी, म्हणजे वरील वेगाला सेकंदाला १० वेळा, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळे ८० च्या खालीही १० च्या पटीतील अनेक कंपनसंख्या त्या ध्वनीत मिसळतात. त्यांपैकी २० च्या खालच्या कानाला स्वर म्हणून ऐकू येत नाहीत, त्यांची केवळ धडधड जाणवते. ज्या आठ सिलिंडरांच्या एंजिनांत क्रँकशाफ्टचे सर्व भुज एकाच पातळीत असतात, त्यांच्या ओळींत ही विषमता नसते व त्यांचा आवाज उंच, किंचाळणारा होतो. अनेक फेरारी गाड्यांचा आवाज या जातीचा आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खर्ज एंजिनाच्या रचनेतच असतो. सायलेन्सर तो उत्पन्न करीत नाही. वरचे कर्कश स्वर गाळून खालचे राखणे, एवढेच त्याच्या हाती असते. चार सिलिंडरांच्या छोट्या गाडीस डब्याएवढे तोंड असलेली नळी बसविली, तर तिचा फक्त गोंगाट वाढतो.

गाळण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत डब्याच्या आत आडवे पडदे घालून कप्पे केलेले असतात; ध्वनितरंग त्यांवरून उलट फिरतात व परस्परांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. यात आवाज शांत होतो, पण वायूची वाट नागमोडी झाल्याने प्रतिदाब वाढतो. दुसऱ्या रीतीत भोके पाडलेली सरळ नळी असते व तिच्याभोवती काचतंतूंचा थर भरलेला असतो. सुमारे ३००° सें. तापमानाच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास असतो. म्हणजे ८० कंपनांच्या तरंगाची लांबी ६ मीटर, तर २,००० कंपनांच्या तरंगाची केवळ २४ सेंटिमीटर. काही सेंटिमीटर जाडीचा थर आखूड तरंग शोषून घेतो. लांब तरंगांचे त्याच्यापुढे फारसे अडत नाही. खर्ज हवा असणारे हाच प्रकार निवडतात, ते उगाच नव्हे. मात्र काचतंतू कालांतराने जळतात व वायूबरोबर उडून जातात. मग उरते ती नुसती भोकांची नळी, आणि तिचा आवाज पत्र्यासारखा फाटका येतो.

एकच नळी की दोन, हा प्रश्न सायलेन्सरइतकाच महत्त्वाचा आहे. दोन्ही ओळींचा वायू एका नळीत आणला, की दोन लंगडे ठेके मिळून पुष्कळसा समान ठेका तयार होतो व धडधड विरते. ती ठेवावयाची तर दोन स्वतंत्र नळ्या घ्याव्या आणि मध्ये एक आडवी जोडनळी द्यावी, म्हणजे रांगडेपणा थोडा निवळतो. नळीचा व्यास या एंजिनास दोन ते सव्वादोन इंच पुरेसा आहे. त्याहून मोठ्या नळीचा हव्यास सहसा व्यर्थ ठरतो.

एवढे करूनही गाडीत बसलेल्यांचे डोके उठते, याचा अनुभव अनेकांना येतो. सायलेन्सरपासून मागच्या टोकापर्यंतची नळी बासरीसारखी दोन्ही बाजूंनी उघडी असते व तिला स्वतःचा स्वर असतो. ती २.४ मीटर लांब असेल, तर त्या स्वराची कंपनसंख्या ४८० भागिले ४.८, म्हणजे १०० येते. एंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर आले, की त्याचे ठोकेही नेमके सेकंदाला १०० होतात. दोन्ही जुळले, की अनुस्पंदन होऊन गाडी घुमू लागते. नळीची लांबी बदलणे हा एक उपाय. दुसरा अधिक युक्तीचा आहे. मुख्य नळीला टोक बंद असलेली एक उपनळी जोडावयाची, तिची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी, येथे १.२ मीटर ठेवावयाची. तिच्यात शिरलेला तरंग परत येईतो उलटा झालेला असतो व तो मूळ तरंगाला मारतो. उपनळीतील वायू थंड असल्याने ध्वनीचा वेग तेथे कमी असतो; म्हणून ती हिशेबापेक्षा थोडी आखूड करावी लागते.

एक लिटर पेट्रोल जळले, की जवळजवळ तितकेच पाणी बनते. गाडी थोड्या अंतरासाठीच काढली, तर ते पाणी सायलेन्सरातच साचून पत्रा आतून गंजतो. अशा गाडीस ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला अथवा निष्कलंक पोलादाचा सायलेन्सर बरा. गंजून पडलेले भोक आवाज बिघडवते, हे तर झालेच. पण त्यातून निसटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो गाडीच्या तळातून आत आला तर प्राणावर बेतते. म्हणून सांधे तपासावेत व नळीचे टोक गाडीच्या बाहेर काढावे.

भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमानुसार प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. ध्वनी मोजण्याच्या नेहमीच्या यंत्रात मानवी कानाप्रमाणे खालच्या स्वरांना कमी वजन दिलेले असते. त्यामुळे खर्जाचा आकडा लहान दिसतो, पण शेजाऱ्यांच्या खिडक्यांची तावदाने त्यानेही थरथरतात.